काकांच्या नावानं

सुट्टीवर जाण्याआधी त्या इस्पितळातली माणसं एक काम न चुकता करत. आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली सरकवत. मागे कुणाचं अडायला नको! सुट्ट्यांत चोरटे टपूनच बसलेले असतात, हे संगणक सांभाळणाऱ्या बाईंनी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि चिठ्ठ्याही लिहिल्या होत्या.

म्हणून सुट्टीच्या पहिल्याच सकाळी बाई टेबलाटेबलावर चिठ्ठ्या गोळा करत फिरत होत्या. कळांच्या फटीत बिस्किटांचा भुगा, केस, एका महाभागाची तर कुरतडलेली नखं. एवढी शिकलेली माणसं आणि ही तऱ्हा! त्यांना शिसारी आली. पण दुसऱ्या मजल्यावर त्यांची आत्या हृदयाच्या दुखण्यानं पडून होती. आईमागे तिनंच त्यांना वाढवलं होतं. नर्स पडद्यावर वाचून औषध देत असे. तिथला मात्रेचा आकडा कुणी बदलला तर आत्या हातची जायची.

औषध विभागातल्या काकांची चिठ्ठी बोटांना चिकटली. ओली, कोमट, लाळेसारखी तार सुटणारी. त्यांनी चिठ्ठी फाडली, तीनदा साबण लावून हात धुतले आणि काकांचा पासवर्ड बदलून टाकला.

अकरा वाजता काकांच्या नावानं कुणीतरी सिस्टीममध्ये शिरलं.

बाईंनी काकांना फोन लावला.

"अहो, मी गाडीत बसलोय. मी कशाला कम्प्युटर उघडू?"

"मग नवा पासवर्ड कुणाला कळला?"

"मला तरी कुठे माहीत आहे तो?"

ते खरंच होतं. शिरणारा काकांच्याच खोलीतल्या संगणकावरून शिरला होता. बाईंनी कुलूप काढून दार उघडलं. आत कुणी नव्हतं. न धुतलेल्या तोंडाचा आंबूस वास मात्र कोंडून राहिला होता. कीबोर्ड बुळबुळीत झाला होता. पडद्यावर एकच फाईल उघडी होती. आत्याची.

बाईंना भीतीपेक्षा किळस जास्त वाटली. कुणीतरी आत्यालाच चाटून गेल्यासारखं वाटलं. नाकाला पदर लावून त्यांनी फाईल बंद केली आणि नवा पासवर्ड घातला: चिमटी. लहानपणी आत्या त्यांना त्या नावानं हाक मारायची. ते दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी कीबोर्डची वायर उपटली.

कळा दबू लागल्या. एकेक करून, सावकाश, चिकट आवाज करत.

फाईल पुन्हा उघडली.

बाई धावत खाली गेल्या आणि मुख्य बटण खाली ओढलं. साऱ्या इस्पितळाचे संगणक बंद पडले. आता कुणाची टाप होती आत शिरायची? पडदे काळे झाल्याची खात्री करून त्यांनी दुसऱ्या मजल्यावर फोन केला.

"सिस्टर, सगळे कम्प्युटर बंद केलेत. मी येईपर्यंत आत्याला काहीही देऊ नका."

नर्स गोंधळली. "बंद झालेत हे तुम्हीच सांगून गेलात ना, ताई? आत्ताच वर येऊन? औषधाचा आकडाही तुम्हीच तोंडी सांगितलात. मी म्हटलं, एवढं जास्त कसं? पण आत्याच म्हणाल्या, माझी चिमटी सांगतेय तर द्या."

"दिलंत तुम्ही?"

"दिलं मी. शांत झोपल्यात." नर्सनं आवाज खाली आणला. "राग मानू नका, ताई, पण तेवढे हात धुवत जा हो. आत्यांचा सगळा गाल चिकट करून ठेवलात."