खिंडीपलीकडच्या स्लाइड्स

रुपालीचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. "संघमित्रा, तूच बोलतेयस ना?" असं तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "रविवारी दुपारी घरी ये. प्लीज. एकटीच ये."

जानेवारी १९८७. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये आमची घरं दहा मिनिटांच्या ड्राइव्हवर होती, पण दोन महिने मी तिच्याकडे फिरकले नव्हते. रुपाली, तिचा नवरा दिगंबर आणि मी नागपूरच्या एकाच कॉलेजातले. नेपाळमध्ये, सोलुखुंबूतल्या एका गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, हिवाळ्याच्या तोंडावर मुखवट्यांच्या नाचाचा उत्सव भरतो. तिघांनी तिथवर चालत जायचं, हे आम्ही तीन वर्षं ठरवत होतो. माझ्या आईवडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. डोंगरातला बुद्धाचा उत्सव कसा असतो, ते मला त्यांना पत्रातून कळवायचं होतं.

सप्टेंबरात दिगंबर म्हणाला, "यार, परमिटचं जमत नाहीये. ट्रिप कॅन्सल करू." मंजूर झालेली रजा मी परत केली. नोव्हेंबरात इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या पद्मिनीकाकूंनी सहज विचारलं, "तू नाही गेलीस त्यांच्याबरोबर नेपाळला?"

सॉरी म्हणायला बोलावलं असेल, असं समजून मी गेले. भर दुपारी हॉलचे पडदे ओढलेले होते. टेबलावर स्लाइड प्रोजेक्टर गुणगुणत होता, तापलेल्या धुळीचा वास येत होता. दिगंबर माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांच्या बोटांकडे पाहत होता. चहाचंही कुणी विचारलं नाही.

पहिल्या स्लाइडमध्ये झुलता पूल. दुसरीत दगडी बांधांची बटाट्याची शेतं. तिसरीत एक चहाची टपरी, बाकावर रुपाली आणि दिगंबर.

त्यांच्या मध्ये मी.

डोक्यावरची हिरवी लोकरीची टोपी माझी नव्हती. डाव्या भुवईवरचा लहानपणचा व्रण मात्र माझाच होता.

"हे काय आहे?"

"तिसऱ्या दिवशी तू मागून आलीस," रुपाली म्हणाली. "चिडली नव्हतीस. म्हणालीस, तिघांचं ठरलं होतं ना?"

"मी इथे होते. रोज लॅबमध्ये होते."

"माहितीये," दिगंबर म्हणाला. "परत आल्यावर तू ग्रोसरीत दिसलीस. मग चौकशी केली मी."

गोंपाच्या अलीकडच्या खिंडीवर मला श्वास घेता येईना, असं रुपालीने सांगितलं. बर्फ सुरू झाला. त्यांनी मला एका खडकाच्या आडोशाला बसवलं आणि मदत घेऊन येतो म्हणून ते मागे फिरले.

"मग?"

रुपालीने दिगंबरकडे पाहिलं.

"खाली कुणाला सांगितलंत?"

"तुझं परमिट नव्हतं," दिगंबर हळू आवाजात म्हणाला. "तू आमच्याबरोबर होतीस, याची कुठेच नोंद नव्हती."

हे माझ्या बाबतीत घडलंच नव्हतं, तरी त्यांनी मलाच तिथे सोडलं होतं. सप्टेंबरातलं खोटं त्यापुढे काहीच नव्हतं. तीन वर्षं मी या दोघांबरोबर एकाच नकाशावर बोट फिरवलं होतं.

"फोटो कुणी काढले?"

"टपरीवरचा तिथल्या मालकाने. पण खिंडीवर कॅमेरा तुझ्या गळ्यात होता, तो तिथेच राहिला," रुपाली म्हणाली. "मंगळवारी पार्सल आलं. आत फक्त स्लाइड्स. पत्ता तुझ्या अक्षरात."

दिगंबरने बटण दाबलं.

बर्फातून उतरणाऱ्या दोन पाठी.

पुढच्या स्लाइडमध्ये त्या लहान झाल्या. त्याच्या पुढच्या स्लाइडमध्ये दोन ठिपके. एकातही कुणी मागे वळून पाहिलं नव्हतं.

मग गोंपाचं अंगण. लांबलचक कर्णे, माणसांची दाटी, मोठ्या डोळ्यांचे लाल मुखवटे. खिंडीवरूनच परतलेल्या त्या दोघांनी हे अंगण पाहिलंच नव्हतं.

शेवटच्या स्लाइडमध्ये मी भिंतीला टेकून बसले होते. बोटं काळी पडलेली. माझ्या दोन्ही बाजूंना कांबळी अंथरून जागा धरलेल्या, आणि प्रत्येक जागेपुढे चहाचा एकेक पेला.

रुपाली तोंडावर हात दाबून रडत होती. मी पेल्यांकडे पाहत होते.

स्लाइडमध्ये काही हलत नसतं. दोन्ही पेल्यांतून वाफ वर जात होती.