मुक्कामी गुरुजी

धवल गायधनी शिक्षक झाला तेव्हा पंचवटीतल्या त्याच्या आळीत पेढे वाटले गेले, आणि नेमणुकीचं गाव कळल्यावर तेच लोक सांत्वनाला आले. हरसूलच्याही पुढचा डोंगरातला पाडा, अख्ख्या शाळेला एकच शिक्षक. आधीचे गुरुजी वशिला लावून पसार झाले होते, त्यांच्या आधीचेही तसेच. शाळेला कुलूप लागलं की पोरं आईबापामागे द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि पुन्हा वर्गात फिरकत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष पुंजादादा यांनी हात जोडले.

"गुरुजी, बाकी काय नको. मुक्कामाला ऱ्हा. मुक्कामाचा गुरुजी पळून जात नाय."

धवलने मान डोलावली खरी, पण मुक्काम त्याला जमणारा नव्हता. घरी आई, गोदावरीबाई, एकटीच. वडील गेल्यापासून हा समोर बसल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. पोरगं भलं हो, पण एक पाय इथे, एक तिथे. मग काय, रोज मोटरसायकलवर अप-डाऊन. त्र्यंबक सोडलं की धुकं, पुढे खड्डे, मग रस्त्यात ठाण मांडून बसलेली म्हैस. पोचेपर्यंत प्रार्थनेची वेळ कधीच टळलेली असायची.

आता गंमत ऐका. तो पोचायचा तेव्हा पोरं कधी दंगा करताना सापडली नाहीत. अंगण झाडलेलं, फळ्यावर तारीख, पाढे अगदी ठेक्यात चाललेले. त्याला वाटलं, चौथीतली रोशनी वर्ग सांभाळते. गुणी पोर म्हणून तो खूश, आणि खूश झालेला माणूस सैलावतोच. उशिराचा आणखी उशीर व्हायला लागला. खोटं कशाला बोला, तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

दिवाळीनंतर केंद्रप्रमुख न सांगता शाळा बघायला आले. धवल अजून चढावरच होता, तोच साहेबांची गाडी समोरून उतरताना दिसली. नोकरी गेली, आता आईला काय तोंड दाखवू? पण साहेबांनी गाडी थांबवून त्याचा हातच हातात घेतला. म्हणाले, मागे बसून तुमचा भागाकार ऐकला, असा वर्ग तालुक्यात पाहिला नाही. मग त्याच्या हेल्मेटकडे बघत जरा घुटमळले.

"पण गायधनी, तुम्हाला आत्ता वर्गात सोडून आलो… खालून कसे येताय?"

मग स्वतःच हसले, आडवाट असेल म्हणाले, आणि गेले. धवलही हसला. हसण्यावाचून दुसरं करणार काय? शाळेत आल्याबरोबर त्याने रोशनीला बाजूला घेतलं आणि विचारलं, सकाळी कोण शिकवतं. पोरगी गोंधळली.

"तुमीच ना सर."

"मी तर आत्ता येतोय."

"मंग… परत कशाला आले?"

खिचडी शिजवणाऱ्या कमळाबाईंनी तर कहरच केला. म्हणाल्या, रोज दिवेलागणीला मीच नाही का तुमच्या खोलीत नाचणीची भाकर आणून देत? सकाळी ताट घासून पालथं घातलेलं असतं. शाळेमागची ती खोली धवलने आजवर उघडलीही नव्हती. कमळाबाई हसत पुढे म्हणाल्या, "लय गुणाचे तुमी. निस्ते संध्याकाळी बोलत नाय. घाटाकडं तोंड करून बसता, कुणाची वाट बघितल्यावानी."

त्याने खोलीचं दार ढकललं. आत अंथरूण नीट घडी घातलेलं, आणि खोलीभर आवळ्याच्या तेलाचा वास. तसलं तेल त्याची आई घरी कढवते, फक्त त्याच्यासाठी. धवल उंबऱ्यावरूनच मागे फिरला. पहिला विचार बदलीचाच आला. पण बाहेर पोरं खिदळत होती, पुंजादादा येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत होते, आमचा गुरुजी मुक्कामाचा हाय. ती सगळी माया भलताच कुणी लुटतोय, याचा त्याला मत्सर वाटला, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी तो अंथरूण-पांघरूण गाडीला बांधून, पोरांच्याही आधी हजर. आईला मात्र सांगायचा धीर झाला नव्हता. त्या दिवशी दुसरं कुणी आलं नाही. भागाकार त्यानेच शिकवला, जरा अडखळत, आणि पोरांनी सांभाळून घेतलं.

संध्याकाळी खोलीत दिवा लावून बसला. कोंबड्या डालल्या, पाड्यावरचे आवाज एकेक करून मिटत गेले. मग ओसरीवर पावलं वाजली. उंबऱ्याशी थांबली. दाराच्या फटीतून तोच तेलाचा वास आत आला.

"कोण…?"

कुणीतरी लांब श्वास सोडला, काम संपल्यावर सोडतात तसा, आणि पावलं घाटाच्या वाटेला लागली.

कमळाबाई भाकरी घेऊन आल्या तेव्हा धवल लहान पोरासारखा हसत होता. सुटलो म्हणाला. मग घास उचलता उचलता त्याला आई आठवली. उपाशी बसली असेल. त्याच्या फोनला तिथे रेंज नव्हती. कमळाबाईंचा फोन घेऊन तो झेंड्याच्या कट्ट्यावर चढला.

"हॅलो, कोण? नुसती खरखर येतेय." आईच होती. "धवलकडे काम आहे का? जेवायला बसलाय हो तो. थांबा, देते."

ताटात वाटी टेकल्याचा आवाज आला. मग धवलचाच आवाज, वर्गात असतो तसा, शांत.

"बोला, गुरुजी."

धवलने फोन कानाशी घट्ट दाबला.

"आईची काळजी करू नका, ती जेवतेय. तुम्ही तिकडे पोरं सांभाळा… इकडचं मी बघतो."

मागे आई कशाला तरी खळखळून हसली. वडील गेल्यापासून ती तशी हसली नव्हती.