चांदणलव

निवेच्या सड्यावर एक खेकडा अडला आणि त्याने डॉ. कुमुद केळुसकरांना फोन केला. बाई रत्नागिरीतल्या आपल्या स्वयंपाकघरात घावन उलथत होत्या. अशा फोनांची त्यांना सवय होती. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या त्या उघड्या पठारांवर, आता शेकडो खेकडे फिरत असत. सहा पायांची, परातीएवढी ही निंदणीयंत्रे. गुरांच्या बाहेरून मागवलेल्या खाद्यातून परदेशी चिकणा तण म्हणून आला आणि सड्यांवर माजला. तो उपटून काढायचा आणि देशी रानझाडांना हात लावायचा नाही, एवढेच खेकड्यांचे काम.

झाड ओळखायला त्यांच्याकडे बाईंनीच रचलेली ओळखकिल्ली होती. पाने समोरासमोर की एकाआड एक? कडा सपाट की दातेरी? प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरे, आणि दरेक उत्तर पुढच्या प्रश्नापाशी नेऊन सोडणारे. शेवटी नाव. किल्ली फिरेनाशी झाली की खेकडा पाच तज्ज्ञांपैकी एखाद्याला विचारी. कोणाला विचारले ते गुप्त राही.

"पानाखाली चांदणलव आहे, पण फळाला आकडे नाहीत," खेकडा म्हणाला. "जुईली तोडणकर यांनी ही झुडपं नवी जात म्हणून कळवली आहेत. उपटू का?"

बाईंनी फोनवरचे चित्र मोठे केले. चांदणलव हा शब्द त्यांचाच. पानाच्या पाठीवरचा एकेक केस भिंगाखाली चांदणीसारखा फुटलेला दिसतो, म्हणून. परदेशी चिकण्याचे केस सरळ आणि फळ बिनआकड्याचे. बाईंनी खारवळच्या सड्यावर शोधलेल्या खडकचिकण्याला चांदणलव, शिवाय फळाला बाकदार काट्यांचे आकडेही. आणि हे समोरचे तिसरेच काही होते. चांदणलव आहे, आकडे नाहीत. नवी जात, शंकाच नको.

बाईंच्या पोटात दुखले. अगदी खरोखर, बरगडीखाली दुखले. साऱ्या हयातीत त्यांच्या नावावर तो एक खडकचिकणा. आणि ही जुईली, कालपर्यंत त्यांच्यामागून झाडे दाबायच्या फळ्या वाहणारी, "मॅडम, हे पान कुठलं?" म्हणून जीव खाणारी, तिच्या नावावर एव्हाना तीन जाती! त्यात ही चौथी, तीही चिकण्याच्याच कुळातली. ज्या निवेच्या सड्यावर बाईंनी चपला झिजवल्या, तिथे हे झाड दिसायचे ते नेमके हिलाच?

"उन्हानं लव अशी फाटते," त्या म्हणाल्या. "ती हिशेबात धरू नकोस. परदेशी चिकणाच आहे."

"लव फक्त निवेत धरू नको, की सगळीकडे?"

फक्त निवेत म्हटले तर उद्या कोणी विचारणार, तेवढा एकच सडा का? बाईंना आपल्या निःपक्षपातीपणाचा भारी अभिमान. खडकचिकण्याला तर आकडे होतेच, त्याची काळजी नव्हती.

"सगळीकडे," त्या म्हणाल्या.

तव्यावरचे घावन करपले होते. बाईंनी ते मिटक्या मारत खाल्ले.

संध्याकाळी जुईली दारात उभी राहिली. पदरात घालावे तसे ओढणीत उपटलेली झुडपे धरून ती रडत होती. "एकही नाही ठेवलं, मॅडम! लव धरायची नाही म्हणे. चांदणलव कोण वगळतं हो?"

"यंत्रंच ती," बाई म्हणाल्या. त्यांनी तिला आले घालून चहा दिला, पाठीवरून हात फिरवला. आणि खोटे कशाला बोला, त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

श्रावण सरत असताना जुईलीचा फोन आला. वाऱ्याचा आवाज, मागे खडकावर टकटक.

"मॅडम, मी खारवळला आहे. खेकडे तुमचा खडकचिकणा उपटतायत!"

"कसं शक्य आहे? आकडे आहेत ना त्याला!"

"आत्ता कुठले आकडे? फळं कार्तिकात धरतात ना त्याला. आत्ता नुसती पानं आहेत."

फळ नसलेला नमुना कोणी विचारात घेत नाही, म्हणून खारवळला बाई जन्मभर कार्तिकातच गेल्या होत्या. श्रावणातला आपला खडकचिकणा त्यांनी डोळ्यांनी कधी नीट पाहिलाच नव्हता. आकडे यायच्या आधी त्याला चांदणलवेखेरीज कोण वाचवणार होते?

"मी मधोमध आडवी झालेय. माणूस असेल तिथं ते थांबतात. पण माझ्या अंगाखाली आणि भोवती आहेत तेवढीच उरलीत. तुम्ही कोणालातरी सांगून तो नियम मागे घ्यायला लावा, मॅडम. कोणत्या गाढवानं दिला असेल हो?"

नियम मागे घ्यायला बाईंचे एक बोट पुरेसे होते. पण मागे घेणाऱ्याचे नाव आणि कारण लगेच जाहीर होई. शिवाय चांदणलव पुन्हा धरली की निवेचे झाड आपोआप नवी जात ठरणार. आणि खडकचिकण्याचे नाव निघाले की लोक आता जुईलीचेच नाव घेणार, वाचवला तिने म्हणून! चिखलात पडून आपले झाड राखणाऱ्या पोरीबद्दल अशा वेळीही असे मनात यावे, याची बाईंना लाज वाटली. पण लाजेने जळफळाट काही गेला नाही. त्यांनी बोट पडद्यावर नेले, पण दाबले नाही.

"जुईली," त्यांनी विचारले, "निवेच्या त्या झाडाचं बी ठेवलं होतंस का गं?"

हो ऐकायचे होते की नाही, त्यांचे त्यांनाच कळेना.

खेकड्यांची टकटक जवळ आली. मग जुईलीचा आवाज आला, पण त्यात मघाची काकुळती नव्हती.

"मॅडम, हे तुम्ही आत्ता का विचारताय?"