जास्तीची ओळ

पहिल्या तासाला मी वर्गाला एकच गोष्ट सांगतो: तुमचा प्रोग्रॅम चुकला तर कुणीतरी मरेल, असं धरून लिहा. मुलं हसतात. मग मी विचारतो, आज घरून निघताना लिफ्टने कोण कोण उतरलं? बरेच हात वर होतात. आणि ती लिफ्ट कुणाच्या भरवशावर चालते? तेव्हा हसू जरा आवरतं. आमच्या कॉलेजच्या इमारतीची लिफ्ट माझ्या भरवशावर चालते. तिचा प्रोग्रॅम मी लिहिला, गेल्या वर्षी बसवला, आणि तेव्हापासून तिच्या दारात कुणाचं बोटसुद्धा चेंगरलेलं नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

गाडीचे ब्रेक, रुग्णाला औषध सोडणारा पंप, रेल्वेचं फाटक, लिफ्ट. ज्या यंत्रांच्या पोटात लहानसा संगणक असतो आणि ज्यांची चूक पोटात घालता येत नाही, त्यांचं सॉफ्टवेअर कसं लिहावं हे मी शिकवतो. थोडक्यात, संशय घेणं हा माझा धंदा आहे. घरीही दुकान बंद नसतं. कुलूप लावल्यावर गॅस बघायला मी परत दार उघडतो, आणि बायको जिन्यात पर्स सांभाळत उभी राहून "घ्या बघून, तज्ज्ञसाहेब" म्हणते.

दरवर्षी मी वर्गाचे तीन गट करतो. तिघांना तीन खोल्या, फोन बाहेर, इंटरनेट बंद. तिघांना एकच तीन पानी स्पेसिफिकेशन देतो, म्हणजे लिफ्टने काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही हे सांगणारे कागद. मग तयार झालेले तिन्ही प्रोग्रॅम संगणकावरच्या खोट्या लिफ्टवर एकदम चालवतो. दोघांचं मत जुळलं आणि तिसऱ्याचं वेगळं पडलं, तर तिसरा चुकला असं धरून त्याला गप्प बसवायचं. माणूस चुकतो, पण वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली माणसं एकाच जागी सारखीच चुकत नाहीत, असा यामागचा हिशोब.

यंदा तिघंही एकाच जागी चुकले होते.

स्पेसिफिकेशनमध्ये मी स्वच्छ लिहिलं होतं की लिफ्टच्या तळाखालचा वजनकाटा शून्यावर आला आणि बाहेरून कुणी बटण दाबलेलं नसलं, की दार ताबडतोब बंद व्हावं. दार उगाच उघडं राहिलं तर आगीच्या वेळी धूर आत शिरतो. पण तिन्ही प्रोग्रॅममध्ये त्या ठिकाणी एक जास्तीची ओळ होती. काटा शून्यावर आल्यावर दार आणखी नऊ सेकंद उघडं ठेवायचं. आठ नाही, दहा नाही. तिघांचेही नऊ. तिसऱ्या गटाने ओळीशेजारी टीप लिहिली होती: त्याला वेळ लागतो.

माझ्या मनात पाल चुकचुकली. कॉपी, दुसरं काय! आणि दुसऱ्या गटात माझी सख्खी भाची होती.

तिला कँटीनमध्ये गाठलं. कॉलेजात ती मला सर म्हणते, पण त्या शब्दात इतका खोडकरपणा भरते की त्यापेक्षा मामा परवडला.

"ती ओळ कुणी सांगितली तुम्हाला?"

"कुठली?"

"नऊ सेकंदांची."

तिने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी दोन पायांत दोन वेगळे बूट घालून आलोय. "सांगायला कशाला हवं? ती नसेल तर तो उतरणार कसा?"

"तो कोण?"

"मामा, चेष्टा पुरे. मला तास आहे."

ती उठून गेली. तिचा चहा अर्धा तसाच राहिला. पोरगी लहानपणापासून खोटं बोलली की कानाची पाळी चोळते. आज तिने कानाला हातही लावला नव्हता.

बातमी विभागप्रमुख मॅडमपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"तीन बंद खोल्या, आणि तिन्हींत एकच आकडा. त्यातल्या एका खोलीत तुमची भाची. तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता?"

"मी आकडा फोडला, असं."

"मग? शुक्रवारी समिती बसेल. खरं निघालं तर पोरीचं वर्ष जाईल आणि तुमची नोकरी."

घरी गेल्यावर ताईचा फोन आला, अपेक्षेप्रमाणे रडवेला. तिची समजूत घालता घालता मी सहज म्हणावं तसं विचारलं, "ताई, लिफ्टमधले सगळे उतरले की तू काय करतेस?"

"काय करणार? जरा थांबते."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? सगळेच थांबतात." मग आवाज बदलून तिने विचारलं, "तू थांबत नाहीस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी समोरच्या कार्यालयांच्या इमारतीत जाऊन बसलो. हातात वर्तमानपत्र, म्हणजे अगदी सिनेमातला गुप्तहेर. लिफ्ट आली, माणसं उतरली, दार उघडं राहिलं. बाहेर ताटकळलेल्यांपैकी कुणीही लगेच आत शिरलं नाही. त्यांची बडबड थांबली. फोनवर भांडत असलेला एक जण न थांबता भांडत राहिला, पण भांडता भांडता एक पाऊल बाजूला झाला. दोन्ही बाजूंना उभ्या माणसांमध्ये एक अरुंद वाट राहिली. थोड्या वेळाने, कुणी खूण न करता, सगळे आत गेले. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

मी जन्मभर लिफ्ट आली की सरळ आत घुसत आलो आहे. लोक वळून बघायचे. मला वाटायचं, आपला चेहराच उर्मट.

आणखी एक गोष्ट आठवली आणि ती मला अजिबात आवडली नाही. गेल्या वर्षभरात आमच्या इमारतीत जिन्याने ये-जा करणारे वाढले होते. चौथ्या मजल्यावर ग्रंथालय, तिथे धापा टाकत पोचणारी मुलं मी रोज पाहत होतो आणि पोरांना तब्येतीची काळजी आली म्हणून मनात शाबासकी देत होतो.

पण समितीसमोर हे काय सांगणार? मला पुरावा हवा होता. म्हणून मी खिळ्याला फोन केला. खिळा हा माझा जुना सहकारी. एका मुद्द्यावर बसला की पक्कडीशिवाय निघत नाही म्हणून हे नाव. रेल्वे सिग्नलच्या सॉफ्टवेअरमध्ये हयात घालवून तो दूरच्या गावी निवृत्त आयुष्य जगतोय. माझ्या मुलांना तो ओळखत नाही, मुलं त्याला ओळखत नाहीत. मी तीच तीन पानं पाठवली आणि प्रोग्रॅम लिहून मागितला. कारण सांगितलं नाही.

दोन दिवसांनी प्रोग्रॅम आला. जास्तीची ओळ होती. नऊ सेकंद.

मी लगेच फोन लावला.

"तुझ्या स्पेसिफिकेशनमध्ये चूक होती रे," खिळाच आधी बोलला. "ताबडतोब बंद म्हणे! टायपिंग चुकलं असेल म्हणून मी दुरुस्त केलं."

"खिळ्या, खरं सांग, तुला कुणाचा फोन आला होता का?"

"कुणाचा येणार? हे बघ, हा प्रोग्रॅम तू कुठे बसवला तर नाहीस ना? तुझा, ओळ नसलेला?"

मी फोन ठेवून दिला.

शुक्रवारी समितीने पंधरा मिनिटांत भाचीला निर्दोष ठरवलं. बाहेरच्या माणसानेही तेच लिहिलंय म्हटल्यावर कॉपीचा प्रश्नच मिटला. मी निःश्वास सोडला आणि म्हणालो, "पण ही ओळ आली कुठून, याचा शोध घ्यायला हवा."

समितीतले तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"ओळ असणारच," मॅडम म्हणाल्या. "तिच्याबद्दल कुणाची तक्रारच नव्हती. आकडा तंतोतंत एक कसा, एवढाच प्रश्न होता." त्यांनी माझा प्रोग्रॅम पुढे ओढला. "तुमच्यात ती का नाही?"

"कारण ती कुणी मागितलेली नाही. काटा शून्यावर असेल तर आत कुणी नाही. नसलेल्या माणसासाठी दार उघडं ठेवायचं?"

समितीतल्या बाहेरच्या सदस्याने आपली खुर्ची हळूच माझ्यापासून लांब सरकवली.

"हा वर्षभर चालतोय? आपल्या लिफ्टमध्ये?" मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "सोमवारच्या आत ओळ घाला. नाहीतर लिफ्ट, प्रयोगशाळा, वर्ग, सगळं मी दुसऱ्याकडे देते. माणसांच्या जिवाशी संबंध आहे असं काहीच तुमच्या हाती ठेवता येणार नाही."

मला राग आला. बावीस वर्षं मी हेच शिकवलं, आणि हे सगळे एका माळेचे मणी होऊन मलाच बिघडलेला ठरवत होते. तिघं एका बाजूला, मी एकटा. ठीक आहे, म्हटलं, ओळ घालतो. पण वजनकाट्याचं प्रत्येक वाचन नोंदवतो आणि सोमवारी यांच्या टेबलावर आलेख ठेवतो. नऊ सेकंदांत शून्याची सरळ रेघ. मग बघू कोण बिघडलंय ते.

शनिवारी दुपारी इमारत मोकळी होती. तळमजल्यावर लिफ्टसमोर स्टूल मांडून मी लॅपटॉप ठेवला. भाची मदतीला आली होती. माझ्यावर तिचा राग होता, पण आली. आधी जुन्याच प्रोग्रॅमवर एक खेप केली. ती तिसऱ्या मजल्यावर जाऊन लिफ्टने खाली आली.

"माझ्या वजनाचा आकडा मोठ्याने वाचू नकोस हं, मामा."

"वाचला तरी विश्वास कोण ठेवणार?"

ती बाहेर पडली. काटा शून्यावर. दार लगेच बंद. मी म्हटलं, बघ, इतकं साधं असतं. ती दाराकडे बघत राहिली.

मग मी ओळ घातली.

ती पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. दार उघडलं. ती बाहेर पडली आणि भिंतीला पाठ लावून बाजूला उभी राहिली. काटा शून्यावर आला.

दार उघडंच राहिलं. आतला पंखा फिरत होता. आरशात स्टूल दिसत होतं, आणि स्टुलावर वाकलेला मी.

शून्य. शून्य. शून्य.

मग आकडा बदलला.

उणे चार. उणे अकरा. उणे एकोणीस.

तिथे तो स्थिर झाला. नऊ सेकंद झाले आणि दार बंद झालं.

मी वळलो. भाची भिंतीपाशी नव्हती. ती इमारतीचं मुख्य दार हाताने उघडं धरून उभी होती. तिची नजर खाली होती, माझ्या कमरेच्या उंचीवर, आणि ती नजर सावकाश उंबऱ्यापलीकडे सरकत गेली.

"हळू," ती म्हणाली. माझ्याशी नाही.

काटा बिघडला, मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. मी लिफ्टमध्ये शिरलो आणि तिला पडद्यावरचा आकडा वाचायला सांगितलं. माझं वजन सत्तर आहे.

"एकावन्न," ती म्हणाली.

काटा बिघडला नव्हता. हे माझ्याइतकं कुणालाच कळणार नाही, कारण शून्य कुठे धरायचं हे मीच ठरवलं होतं. तळावर धूळ साचते, पायपुसणं बदलतं, म्हणून लिफ्ट रोज पहाटे बंद दाराने उभी असताना तिच्यात जे काही वजन असेल त्यालाच ती शून्य समजते. वर्षभर रोज पहाटे ती आतल्या त्या वजनालाच शून्य समजत आली होती.

मी गुडघे टेकून लिफ्टच्या तळावर हात फिरवला. कोपऱ्यातली फरशी कोमट होती. मला रडू कोसळलं आणि ते मी भाचीपासून लपवलं नाही.

सोमवारी आलेखाचा कागद घेऊन मी मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

"उतरला?"

"हो."

"काटा किती खाली आला?"

"एकोणीस किलो."

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

"आत शिरला तेव्हा चोवीस होता," त्या म्हणाल्या.