वीरधवलची मोटर

बोटीच्या मोटरीची पेट्रोलची टाकी गळते, असं सयाजीनं राहीबाईला सांगितलं. ती गळत नव्हती.

"आवं, थेंबबी पडत न्हाई," चुलीपुढनं ती म्हणाली. "राहू द्या की तेवढी."

"तुला काय कळतंय त्यातलं? पंधरा वर्सं फौजेत ह्याच मोटरी उघडल्यात मी."

पत्र्याची लाल टाकी होती ती. राहीबाई रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन ती पदरानं पुसायची. सयाजीच्या कपाळावरचा घाम मात्र दोन वर्षांत तिला कधी दिसला नव्हता. टाकी तिच्या पहिल्या नवऱ्याची, वीरधवलची. तो तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेला. पुढं सयाजी फौजेतून सुटून आला, चार माणसांच्या साक्षीनं त्यानं तिच्याशी लग्न केलं, आणि घराबरोबर बोटही त्याच्याकडं आली. तरी अख्खं बामणोली गाव अजून 'वीरधवलची बोट' आणि 'वीरधवलची मोटर'च म्हणायचं.

कीर्तनात बुवा मत्सरावर बोलायला लागले की सयाजीची मान सगळ्यांच्या आधी डोलायची. माणसानं माणसाचा मत्सर करू नये, हे त्याला मनापासून पटलेलं होतं. मेलेल्या माणसाचं काय, ते बुवांनी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी धरणाच्या पाण्याच्या पलीकडच्या तीरावर सप्ताहाचं काल्याचं कीर्तन होतं. सकाळीच सयाजीनं जुनी टाकी आणि चिरा पडलेली नळी सोडवली, आणि मेढ्याच्या भंगारात टाकूनही आला. मग नवी प्लॅस्टिकची टाकी बसवली. नळीच्या दोन्ही तोंडांना क्लिपा आवळल्या. नळीच्या मधे पेरूएवढा रबरी फुगा असतो. तो दाबला की पेट्रोल मोटरीत चढतं. फुग्यावरचा बाण मोटरीकडं आहे, हे त्यानं दोनदा पाहिलं.

धक्क्यावर बसलेला तात्याबा हसला. "काय फौजी, वीरधवलच्या मोटरीला नवी कापडं व्हय?"

"माझी मोटर हाय ती, तात्याबा."

"व्हय बाबा, तुझी. खरं, ठेका त्याचाच हाय तिचा. कीर्तनात त्यो टाळ धरायचा तसाच."

सयाजीनं फुगा दाबून कडक केला, दोरी ओढली. पहिल्याच ओढीला मोटर लागली, आणि आवाज अगदी सरळ, नव्या यंत्रासारखा आला. त्याचं काळीज सुपाएवढं झालं. राहीबाई पुढच्या फळीवर त्याच्याकडं पाठ करून बसली आणि बोट निघाली.

ऊन चांगलं वर आलं होतं. पाणी हिरवं आणि सपाट होतं. अर्ध्या वाटेवर मोटरीचा आवाज हळूहळू बदलला. दोन ठोके जवळजवळ, मग एक लांब. पुन्हा दोन, पुन्हा एक.

सयाजीनं वेग वाढवला. ठेका तोच राहिला, नुसता द्रुत झाला.

आणि राहीबाई गुणगुणायला लागली.

दोन वर्षांत तिनं घरात एक ओळ म्हटली नव्हती. सयाजीनं कितीदा म्हटलं होतं, "अगं, म्हण की कायतरी." ती हसून उठून जायची. आता तिची मान डोलत होती, बोटं मांडीवर ताल धरत होती, सगळं त्या आवाजाबरोबर.

तो ठेका मोडायलाच पाहिजे होता. त्यानं वाकून मोटरीतून नळीच उपटली.

पेट्रोल तोडलं तरी मोटर मिनिटभर चालते. आतल्या वाटीत उरलेलं असतं, हे त्याला पाठ होतं. त्यानं घड्याळ पाहिलं.

एक मिनिट झालं.

दोन झाली.

पाच झाली. मोटर चालत होती.

त्यानं बंद करायचं लाल बटण दाबलं. धरून ठेवलं. ठेका चुकला नाही.

हातातल्या नळीचा फुगा मऊ पडला. मग आपोआप कडक झाला. पुन्हा मऊ. पुन्हा कडक. पाच वेळा.

त्यानं नळी टाकून दिली.

सुकाणूचा दांडा त्याच्या तळहाताखालून डावीकडं सरकला. बोट खडकाला वळसा घालून नीट पुढं गेली. तिथं खडक आहे, हे सयाजीला माहीतच नव्हतं.

"राही," तो म्हणाला. "राही, आगं, मोटर..."

तिनं गुणगुणणं थांबवलं. मागं न बघताच फळीवर थोडी सरकली आणि शेजारी जागा केली.

"तुमी हिकडं येऊन बसा," ती मायेनं म्हणाली. "तितं त्यांस्नी अडचण हुतीया."

सयाजी फळ्या धरत, गुडघ्यांवर रांगत पुढं गेला आणि तिच्या शेजारी बसला. दोन माणसं पुढं बसली की रिकामं मागचं टोक पाण्यातून वर उचललं जातं. फौजेत पहिल्याच दिवशी शिकवतात ते.

तो वाट बघत राहिला. मागचं टोक उचललं नाही.