खिशातला धाकटा

खंडेरावांना पिस्तुलाचा परवाना मिळाला त्या दिवशी त्यांनी आख्ख्या आळीत पेढे वाटले आणि पुतळाबाईंनी कपाळाला बाम चोळून घेतला. निफाडकडच्या बागांतली द्राक्षं गोळा करून ट्रकांनी दिल्लीला धाडायची, हा खंडेरावांचा धंदा. पंचवटीत मखमलाबाद नाक्याजवळ बैठं घर, पुढे पडवी, मागे धुण्याचा दगड. मालाबरोबर अपरात्री जावं लागतं, रस्त्याचा काय भरवसा, असं कारण त्यांनी अर्जात दिलं होतं. खरं कारण पुतळाबाई जाणून होत्या. तालुक्यातल्या दोन बागाइतदारांकडे पिस्तुलं होती, आणि लग्नात पंगतीला बसताना ते कोट असा बाजूला सारायचे की समोरच्याला दिसलंच पाहिजे. तेव्हापासून नवऱ्याच्या पोटात दुखत होतं.

पिस्तूल जुनंच घेतलं. देवळाली कॅम्पात एका वारलेल्या कर्नलची बायको एकटी राहायची, तिच्याकडून, रीतसर कागद करून. तळहातात मावेल एवढं, काळपट, मुठीला पिवळट पांढऱ्या पट्ट्या. बाईने ते लोकरीच्या टोपड्यात घालून दिलं. तान्ह्या मुलाचं टोपडं, हनुवटीखाली बांधायच्या नाड्यांसकट. टोपडं परत आणून देऊ का, असं खंडेरावांनी विचारलं तर ती म्हणाली, "राहू द्या, त्याला सवय आहे," आणि तिने दार लावून घेतलं. खंडेराव ही हकीकत हसत हसत सांगायचे. पुतळाबाईंनी ते टोपडं चिमटीत धरून चुलीत घातलं. कुणाचं लेकरू, त्याचं काय झालं, आणि त्याच्या डोक्यावरचं वस्त्र असल्या कामाला लावलं, या विचाराने त्यांना त्या दिवशी घास उतरला नाही.

बंडीला आतून डाव्या बाजूने खिसा शिवून घेऊन खंडेराव ते छातीशी बाळगू लागले. जेवताना, दाढी करताना, अगदी डबा घेऊन परसाकडे जातानासुद्धा. त्याला ते 'धाकटा' म्हणायचे. घरात लेक लता एकटीच, तीही सासरी गेलेली. मुलगा नव्हता, म्हणून ही थट्टा पुतळाबाईंना फार झोंबायची.

"आमचा धाकटा लय गुणी," खंडेराव आल्यागेल्याला सांगत. "रडत नाय, काय मागत नाय."

एकदा थंडीत पुतळाबाईंनी धुवायला म्हणून खुंटीवरची बंडी काढली. खिशात ते राहिलं होतं. त्यांनी हात घातला आणि तसाच बाहेर काढला. पहाटेच्या गारठ्यात हंडे-कळश्यांना हात लाववत नव्हता, आणि हे कोमट होतं. कोमट आणि किंचित ओलसर. कणगीत हात घातल्यावर उंदराची उघडी पिल्लं लागतात, तसं लागलं. त्यांनी तळवा भिंतीवर घासला, मग राखेने धुतला, मग पुन्हा धुतला.

"अंगाची ऊब लागती त्याला," खंडेराव म्हणाले.

"बंडी काल सांजच्यापासून खुंटीला हाय," पुतळाबाई म्हणाल्या.

चुलीची भिंत जवळ आहे, तीच तापत असेल, अशी पुतळाबाईंनी स्वतःची समजूत घातली. त्या भुताखेतांच्या वाऱ्याला उभ्या राहणाऱ्या नव्हत्या. किळस येते एवढं खरं, आणि किळस काय, पालीचीही येते.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात लता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, केसाळ. बाराव्या दिवशी बारसं ठेवलं. रीत सगळ्यांना ठाऊक असते: पाळण्यात आधी मूल घालत नाहीत. वरवंट्याला कुंची घालून बाया तो पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात आणि निजवतात. दगडासारखं टणक आयुष्य लाभावं म्हणून. मूल त्याच्यानंतर.

पुतळाबाई घुगऱ्या उपसायला आत गेल्या होत्या. "वरवंटा कुठं ठिवलाय?" अशी शेजारच्या भागीबाईंची हाक त्यांनी ऐकली, आणि पाठोपाठ खंडेरावांचा आवाज: "दगड कशाला? आमचा धाकटा घ्या की."

त्या हात पुसत बाहेर येईपर्यंत होऊन गेलं होतं. खंडेरावांनी गोळ्या काढून ठेवल्या होत्या, पिस्तूल कुंचीत गुंडाळलं होतं, बायांनी हसून हसून ते वर-खाली दिलं-घेतलं होतं आणि पाळण्यात निजवलं होतं. लताची नणंद सरुबाई जाड चष्म्याची. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून ती वाट बघत उभीच होती. कुंची दिसली तशी ती वाकली आणि ठरलेलं नाव, शैला, त्या कुंचीच्या आत सांगून मोकळी झाली. वर 'कुर्र' केलं. बायांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपके घातले. मग कुणीतरी म्हणालं, अगं, पोर तर लताच्या मांडीवर आहे, आणि एकच हशा उठला.

सरुबाई हसली नाही. घुगऱ्यांचं ताट घेताना ती पुतळाबाईंच्या कानाशी लागून म्हणाली, "विहीणबाई, नाव सांगितलं तवा मान वळवली त्यानं."

"चष्मा बदला," पुतळाबाई म्हणाल्या. मुलीला पाळण्यात घातलं, तिच्याही कानात नाव सांगितलं, पेढे वाटले. नाव मात्र दोनदा ठेवलं गेलं होतं, त्याला इलाज नव्हता.

त्यानंतरच्या आठवड्यात बंडीवर डाग दिसू लागले. डाव्या खिशाच्या आतल्या बाजूला. पिस्तुलाच्या तेलाचा डाग पुतळाबाईंना ओळखू यायचा, तो पिवळा पडायचा आणि सोड्याने निघायचा. हा पांढुरका होता, वाळला की खळ दिल्यासारखा कडक व्हायचा. धुण्याच्या दगडावर त्यावर पाणी पडलं तसा वास आला आणि त्यांचा हात थांबला. आंबलेल्या दुधाचा वास. एक लेकरू वाढवलेल्या बाईला तो वास सांगावा लागत नाही. त्या तिथेच बाजूला वाकून ओकल्या.

खंडेराव आता बाहेर फारसे जात नसत. मोसमही उतरला होता. पडवीत बाजेवर ते एक हात खिशावर ठेवून, डोळे अर्धवट मिटून पडून राहायचे. गालफडं बसली होती. जेवण मात्र दुप्पट झालं होतं. लतासाठी केलेले डिंकाचे लाडू चोरून खायचे. एवढा मिशावाला माणूस, आणि बाळंतिणीचे लाडू खातो, हे बघून पुतळाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एके सकाळी त्यांनी अंघोळीला पाणी दिलं आणि बंडी काढताना पाहिलं. डाव्या छातीवर सालपट गेलं होतं, बोंडाला आडव्या भेगा होत्या, भोवतीचं कातडं ओलं आणि सुजलेलं. लताच्या वेळी पुतळाबाईंना अशाच भेगा पडल्या होत्या. खंडेरावांनी पटकन पंचा ओढून घेतला, परक्या माणसासमोर बाई पदर ओढते तसा.

"ते घराबाहेर काढा," पुतळाबाई म्हणाल्या. "घरात तान्हं लेकरू हाय. मला शिसारी येती तुमची."

"त्याला कुठं ठिवू?" खंडेराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ होता की पुतळाबाईंना तो जास्त घाण वाटला.

सुटका सरकारने केली. विधानसभेच्या निवडणुका लागल्या आणि परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. पुतळाबाई स्वतः नवऱ्याबरोबर गेल्या. सहादू हवालदार निफाडकडचाच, ओळखीचा. त्याने पिस्तूल फडक्यात बांधलं, कपाटात ठेवलं, कुलूप घातलं. परत येताना खंडेराव रिकाम्या खिशावर हात ठेवून मुसमुसत होते. पुतळाबाईंनी रिक्षात मान फिरवून घेतली.

घरी येऊन त्यांनी फिनेलने पडवी धुतली, बंडी जाळली. चार दिवसांत खंडेरावांच्या छातीवर खपली धरली. पुतळाबाईंना वाटलं, संपलं.

त्याच दिवसांत लताचा पान्हा आटला.

आधी एवढं दूध होतं की पोलकं भिजायचं. आता पोर ओढून ओढून थकायची आणि किंचाळायची. अळिवाची खीर झाली, शतावरी झाली, बडीशेप झाली, दोन डॉक्टर झाले. गाईचं दूध पाणी घालून वाटी-चमच्याने पाजलं की ती उलटून टाकायची. गुटगुटीत पोरीच्या मांड्यांना सुरकुत्या पडल्या. एका सकाळी तेल लावताना पुतळाबाईंचं बोट टाळूवर फिरलं आणि आत गेलं. टाळू खोल गेली होती.

"आई, ती आता रडतसुद्धा नाही," लता म्हणाली.

त्याच दुपारी सहादू हवालदार सायकल भिंतीला टेकवून आत आला. हातात कापडी पिशवी होती, अंगापासून लांब धरलेली. मतदानाला अजून अवकाश होता.

"कुठंय खंडेराव? हे त्यांचं त्यांना द्या, बाई. सायबच म्हणले, आधी हे नेऊन दे, कागदाचं बगू मग."

"का? काय झालं?"

"आता कसं सांगू," हवालदार म्हणाला. "पाझरतंय ते. रोज फडकं बदलतो, सकाळी परत भिजलेलं. कपाट उघडलं की आमच्या पोरांना मळमळतं. तेल न्हाय ते, बाई. तुमीच बगा."

त्याने पिशवी पायरीवर ठेवली, नळावर हात धुतले आणि पाणीही न पिता निघून गेला.

पुतळाबाईंनी फडकं सोडलं. चिंब होतं. पांढरं. त्यांनी श्वास रोखला, मग नाइलाजाने वास घेतला.

आंबलेला नव्हता. ताजा होता, गोडसर, आणि त्यात बाळंतशेपांचा वास होता.

बाळंतशेपा त्या घरात एकटी लता खात होती. रोज दोन वेळा, पुतळाबाईंच्या हातून.

नदी जवळ होती. पिशवी उचलून रामकुंडाकडे चालू लागायला त्यांना कुणी अडवलं नसतं. पण ठाणं नदीहून लांब होतं, कपाट लोखंडी होतं, कुलूप घातलेलं होतं, आणि तरी ते इथलं दूध ओढत होतं. पाण्याच्या तळाशी गेलं म्हणून ते ओढायचं थांबेल का, हे त्यांना सांगता येईना. आतून लताचा आवाज येत नव्हता. पोरीचाही येत नव्हता.

पुतळाबाईंनी पिस्तूल हातात घेतलं. कोमट होतं. पूर्वीपेक्षा जड होतं. पुढच्या तोंडाशी एक थेंब होता.

बाजेवर खंडेराव निजले होते. पुतळाबाईंनी त्यांच्या सदऱ्याची बटणं काढली. छातीवरची खपली अजून ताजी होती.

खंडेरावांनी डोळे उघडले.

"आणलंस?" ते म्हणाले.

पदराने नाक दाबून पुतळाबाईंनी ते थेट छातीवर ठेवलं आणि सदरा वरून ओढला. नवऱ्याने एकदा ओठ चावला. मग त्याचा चेहरा सैलावला.

"आई," आतून लताची हाक आली. ती रडत होती आणि हसत होती. "आई, पान्हा फुटला. पोर घेतेय बघ, घटाघटा घेतेय."

पुतळाबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. नात पीत होती. आवाज ऐकू येत होता, चुटुचुटु, एकसारखा. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

मग त्यांना पाठीमागचा आवाज ऐकू आला. पडवीतला. तोही तसाच होता, त्याच लयीत.

शैला थांबली, दम घ्यायला. बाहेरही थांबलं.

पुतळाबाई श्वास धरून उभ्या राहिल्या.

आधी बाहेर सुरू झालं. मागून आत.