लाल चिंधीची गाठ

“बाबा, आवाज बदलला!” ठिणगी ओरडली.

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मैदानाच्या पलीकडच्या टोकाला मोटरसायकलचं मागचं चाक जागच्या जागी आवळलं. गाडी फरफटत गेली आणि चालवणारं गिऱ्हाईक मातीच्या ढिगात जाऊन बसलं. लागलं काही नाही. पण त्याने हेल्मेट काढून असं आपटलं, की सगळा बाजार वळून बघायला लागला.

तिसरा रविवार आणि तिसरी गाडी!

मातीत, दगडधोंड्यांत पळवायच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलींचा हा बाजार. असल्या गाड्या आता नव्या फारशा निघत नाहीत. पण वजनाला हलक्या आणि पळायला तिखट, म्हणून शौकीन लांबलांबून यायचे. आधी इंजिनाला हात लावून बघायचे. ते गरम लागलं तर विकणाऱ्याने आधीच गुपचूप चालू करून ठेवलंय, असं समजायचं! मग किक मारायची, कान द्यायचा, दहा फेऱ्या मारायच्या आणि मगच सौदा.

ठिणगीचे बाबा इंजिनं उघडून नव्यासारखी करून द्यायचे, दलालकाका त्या गाड्या विकायचे. मिस्त्रींच्या हातची गाडी म्हटलं की गिऱ्हाईक दुसरीकडे बघायचं नाही. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत तरी.

“मिस्त्री, राग मानू नका,” दलालकाका म्हणाले. “पण वहिनी गेल्यापासून तुमचा हात गेला. तिन्ही इंजिनं जाम! पुढच्या रविवारी एक शेवटची गाडी आणा. दहा फेऱ्या धड झाल्या तर ठीक, नाही तर मला दुसरा मिस्त्री बघावा लागेल. मलाही पोट आहे.”

“पेट्रोलमध्ये तेल घातलं होतं ना?” बाबांनी विचारलं.

“कॅनला गाठ होती की! बघा जाऊन!”

गाठ म्हटल्यावर बाबा जाम झालेली गाडी ढकलत घराकडे वळले.

घरी आल्यावर त्यांनी इंजिन उघडलं आणि ओरखडे पडलेला पिस्टन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. तिथे आधीचे दोन होतेच. आता तीन झाले. जेवताना ते त्यांच्याकडेच बघत होते.

“दुसरी गाडी तयार नाही,” ते म्हणाले. “आईची नेतो. विकायची नाही. नुसत्या दहा फेऱ्या.”

आईची पिवळी मोटरसायकल! चार महिने ती चादरीखाली होती. कुणी चादर काढली नव्हती.

“आणि तीही जाम झाली तर?” भोंगा म्हणाला. तो ठिणगीचा धाकटा भाऊ, वय वर्षं नऊ. त्याला हळू बोलता येत नसे. पण या वेळी त्याला कुणी दटावलं नाही. बाबा ताट घेऊन उठले.

“चला, गॅरेजमध्ये,” ठिणगी म्हणाली. “बैठक!”

तिसरा सभासद होता मोजपट्टी. हा त्यांचा मावसभाऊ, सुट्टीला आलेला. दिसेल ते मोजायचं आणि वहीत लिहायचं, हा त्याचा उद्योग. परवा त्याने भोंग्याचं घोरणंसुद्धा मोजलं होतं.

“वाच रे, काय काय लिहिलंयस ते.”

मोजपट्टीने घसा खाकरला. “पहिली गाडी, सातव्या फेरीला जाम. दुसरी, सातव्या फेरीला. तिसरी, सातव्या. धूर : पहिल्या दोन फेऱ्या निळा, पुढे नाही.”

“काय? परत वाच!”

“पुढे नाही.”

ठिणगी उठून उभीच राहिली. “अरे, टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळतात! तेच इंजिनाला ओलं ठेवतं आणि तेच जळून निळा धूर येतो. इंजिन जोडताना बाबा आतून तेल लावतात, तेवढं दोन फेऱ्यांत जळलं. मग धूर बंद. म्हणजे टाकीत तेल नव्हतंच!”

“पण गाठ होती!” भोंगा ओरडला.

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. बाजारातलं पेट्रोल आईच मिसळायची. छत्रीखाली बसून, काचेच्या मापाने, पाच लिटरला दीडशे मिलिलिटर तेल. मिसळून झालं की कॅनच्या मुठीला लाल चिंधीची गाठ मारायची. इतक्या वर्षांत ती गाठ एकदाही खोटी ठरली नव्हती. चिखलाच्या दिवसांत मैदान चार महिने बंद असतं. त्याच दिवसांत आई गेली.

“मग आता गाठ कोण मारतं?” ठिणगी म्हणाली. “चला, बघूच.”

सोमवारी दुपारी दलालकाकांच्या शेडमध्ये त्यांचा मेव्हणा खुर्चीत झोपला होता. त्याला सगळे मेव्हणेरावच म्हणत. निळे कॅन भिंतीशी रांगेने ठेवलेले, प्रत्येकाला लाल गाठ. मोजपट्टीने वहीचा कागद फाडला. ठिणगीने कॅनमधला एक थेंब त्यावर टाकला. शेजारी घरून बाटलीत आणलेल्या, तेल मिसळलेल्या पेट्रोलचा एक.

“काय रे पोरांनो, काय चाललंय?” मेव्हणेराव जागे झाले.

“सुट्टीतला अभ्यास!” भोंगा म्हणाला. “मेव्हणेराव, हे कॅन कोण भरतं हो?”

“मी! पंपावरून भरून आणतो, ठेवतो.”

“आणि तेल?”

“ते दाजींचं काम. मी त्यात पडत नाही.”

“आणि गाठ कोण मारतं?”

“मारायची कशाला? ती असतेच की कॅनला!”

ठिणगीने गाठ जवळून पाहिली. चिंधी विटलेली, वर धुळीचा थर. दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. अशी गाठ एकच माणूस मारायचं. तिने हात मागे घेतला.

“ठिणगे, कागद!” मोजपट्टी कुजबुजला. घरचा थेंब तेलकट डाग होऊन बसला होता. कॅनमधला थेंब उडून गेला होता. मागमूससुद्धा नाही!

पण पटवणार कुणाला? दलालकाका म्हणाले, “दुधाचे दात पडले नाहीत आणि निघाले मला इंजिन शिकवायला! पळा!” आणि पोरं बाबांना सांगायला गेली, तर त्यांनी कागद पाहिलाच नाही. “गाठीबद्दल बोलायचं नाही,” एवढंच म्हणाले. “आईच्या गाठीबद्दल तर नाहीच.”

“घरूनच टाकी भरून नेऊ या की,” मोजपट्टी म्हणाला.

“चालत नाही. टाकी रिकामी आणायची आणि पेट्रोल दलालाच्या कॅनमधलंच घालायचं, असा नियम आहे. कुणी टाकीत काही भलतंसलतं घालून इंजिनाचा आवाज लपवू नये म्हणून.” ठिणगीने ओठ घट्ट मिटले. “ऐकत नाहीत ना? मग सगळ्यांना दिसेल असं करायचं. भोंग्या, एक नवा कोरा निळा कॅन आण. आणि लाल चिंधी!”

रविवार उजाडला. पिवळ्या गाडीभोवती ही गर्दी! मिस्त्रींची शेवटची गाडी बघायला सगळा बाजार लोटला होता. बाबा गाडीचं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते. दलालकाकांनी रांगेतला पहिला कॅन उचलला.

“काका, यात तेल मिसळलंय ना, नक्की?” ठिणगीने मोठ्याने विचारलं.

“गाठ दिसत नाही का, बये?”

“मग आधी या मापात ओता.”

आईचं काचेचं माप मोजपट्टीने पुढे धरलं. लोक बघतायत म्हणून काकांनी कुरकुरत ते काठोकाठ भरलं. ठिणगीने माप घेतलं आणि सरळ स्वतःच्या डोक्यावर उपडं केलं!

“अगं, पेट्रोल!” चारजण धावले. बाबा सगळ्यांत पुढे.

“पाणी आहे, बाबा!” तिच्या नाकावरून थेंब ओघळत होते. “कॅन मीच भरला, गाठ मारली आणि रांगेत पहिला ठेवला. काका, तुम्ही नुसती गाठ बघितलीत. आत काय आहे ते कुणी बघितलंच नाही!”

हशा पिकला. दलालकाकांचा चेहरा चिंधीसारखा लाल झाला. तेवढ्यात मोजपट्टीने टेबलावर कागद पसरला आणि बाजाराच्या खऱ्या कॅनमधला थेंब त्यावर टाकला. शेजारी घरचा. “दहा मिनिटं!” त्याने घड्याळ काढलं. सगळे कागदाभोवती वाकले. एक डाग राहिला, एक गेला.

“कोरं पेट्रोल आहे हे!” मागच्या रविवारी ढिगात बसलेलं गिऱ्हाईक गरजलं.

“काय रे, तेल कोण घालतं?” काका मेव्हणेरावांवर खेकसले.

“तुम्ही ना, दाजी?”

“मी? मला वाटलं तू!”

बाबांनी तो बाजाराचा कॅन हातात घेतला आणि गाठीवरची धूळ अंगठ्याने पुसली. “ही तिनेच मारलेली आहे.”

“हो, बाबा,” ठिणगी म्हणाली. “तिची गाठ खोटी नव्हतीच. कॅन रिकामा झाला की ती गाठ सोडायची. या वेळी कॅन रिकामे झाले, तेव्हा सोडायला ती नव्हती.”

बाबांनी कॅन टेबलावर ठेवला. त्यांनी टोक बाहेर ओढलं, दोन वेढे उलगडले आणि चिंधी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, “मिसळ. माप तुझ्याकडेच आहे.”

ठिणगीने माप कोरडं पुसलं. पाच लिटरला दीडशे. एक थेंब जास्त नाही, एक कमी नाही. मोजपट्टीने डोळा लावून खात्री केली. भोंग्याने कॅन हलवला, तोही इतक्या जोरात, की स्वतःच हलला. मग तिने नवी चिंधी घेतली. दोन वेढे, टोक आत.

बाबांनी हेल्मेट चढवलं. “मीच चालवतो.”

पहिली फेरी. दुसरी. निळा धूर मैदानभर रेंगाळत होता. सहावी. सातवी! मोजपट्टीने श्वास रोखला, भोंग्याने चक्क तोंड मिटलं. आठवी! नववी! दहावी! आणि बाबा थांबलेच नाहीत. त्यांनी अकरावीही मारली.

“मिस्त्री,” दलालकाकांनी हात जोडले, “हात तुमचा गेला नव्हता, डोकं आमचं गेलं होतं. तिन्ही गाड्यांचं मी निस्तरतो. आणि पोरांनो, तुमच्यापुढे मीच दुधाच्या दातांचा ठरलो! ठिणगे, सुट्टी आहे तोवर छत्रीखाली बसशील का?”

“बसेन. पण मेव्हणेरावांना शिकवणार. गाठ मारायलाही आणि सोडायलाही!”

“आणि त्यांची झोप मी मोजणार,” मोजपट्टी म्हणाला.

संध्याकाळी बाबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतले तिन्ही पिस्टन काढले.

“एक मला! पेनं ठेवायला!” भोंगा ओरडला.

“घे,” बाबा म्हणाले. “आणि जरा हळू बोल. आई म्हणायची, हे पोरगं सायलेन्सर न लावताच आलंय.”

चार महिन्यांत पहिल्यांदाच ते आईबद्दल असं सहज बोलले. ठिणगीने काचेचं माप धुऊन आणलं आणि पिस्टनच्या रिकाम्या जागी उपडं ठेवलं.